नव्या संगणकातले न मागितलेले पाहुणे

आजचा विषय किरकोळ वाटेल, पण त्याचा इतिहास मोठा मजेदार आहे. नवा लॅपटॉप आणला, खोकं उघडलं, चालू केला, की काही दिवसांत कोपऱ्यात पाटी झळकायला लागते: तुमचं संरक्षण संपत आलं आहे, आत्ताच पैसे भरा. हे संरक्षण आपण मागितलेलंच नसतं. मग ते आलं कुठून?

गोष्ट मायक्रोसॉफ्टपासून सुरू होते. १९९० च्या आसपास या कंपनीचा संगणक बनवणाऱ्यांशी एक करार असे. जितके संगणक विकाल तितक्या प्रतींचे पैसे द्या, मग आत आमची प्रणाली घाला किंवा घालू नका. अमेरिकी सरकारने १९९४ च्या समझोत्यात ही अट काढायला लावली. पण खरी लढाई पुढे, पहिल्या पडद्यावर झाली. चालू केल्यावर ग्राहकाला आधी काय दिसेल, हे ठरवणार कोण? १९९६ मध्ये कॉम्पॅकने आपल्या संगणकांवरून इंटरनेट एक्सप्लोररचं चिन्ह काढलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोजचा परवानाच रद्द करण्याची नोटीस धाडली. कॉम्पॅकने मुकाट्याने चिन्ह परत बसवलं.

१९९८ मध्ये सरकारने खटला भरला. नोव्हेंबर २००१ मध्ये तडजोड झाली, वर्षभराने न्यायालयाने ती मान्य केली. आता संगणक बनवणारे त्या पडद्यावर इतरांचे प्रोग्रॅमही ठेवू शकत होते. हेतू असा, की स्पर्धा वाढावी आणि ग्राहकाला निवड मिळावी.

झालं काय? तो पडदा मोक्याची जागा ठरला, आणि बनवणाऱ्यांनी ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. संगणकांच्या किमती घसरत होत्या, एका यंत्रामागे नफा फारसा उरत नव्हता, आणि अँटिव्हायरसवाले त्या जागेचे पैसे मोजायला तयार होते. माझ्या मते न्यायालयाने कुलूप काढलं ते ग्राहकासाठी, पण आत शिरले भलतेच. एप्रिल २००७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलचे स्तंभलेखक वॉल्टर मॉसबर्ग यांनी नव्या संगणकातल्या या कचऱ्यावर जाहीर टीका केली. पुढच्याच वर्षी सोनीने काही लॅपटॉपवर हा कचरा काढून देण्याची सोय ठेवली, सुमारे ५० डॉलर घेऊन! घाण तुम्हीच करायची आणि झाडायचे पैसेही तुम्हीच मागायचे. इतकी ओरड झाली की आकार लगेच मागे घ्यावा लागला.

वर्गणीचा पैसाही असाच गुपचूप कापला जाई. २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी सिमँटेक आणि मॅकॅफी या दोघांकडून प्रत्येकी ३ लाख ७५ हजार डॉलर वसूल केले. आक्षेप हा, की वर्गणी आपोआप वाढते हे ग्राहकाला नीट सांगितलेलं नव्हतं.

इथवर प्रश्न पैशांचा आणि मनस्तापाचा. २०१४ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिरात दाखवणारा प्रोग्रॅम आला, आणि प्रकरण तिजोरीपर्यंत गेलं. आपण बँकेचं पान उघडतो तेव्हा बँक आणि आपल्यातला मजकूर मोहोरबंद पाकिटातून जातो. सुपरफिश मध्येच बसून पाकीट फोडायचा, आत जाहिरात सरकवायचा आणि स्वतःची मोहोर मारून पुढे द्यायचा. लॅपटॉपला ती मोहोर खरी मानायला आधीच शिकवलेलं होतं. त्यात कहर म्हणजे मोहोरेची चावी सगळ्या यंत्रांत एकच! फेब्रुवारी २०१५ मध्ये एका सुरक्षा-तज्ज्ञाने तिचा पासवर्ड शोधून काढला: कोमोडिया. तो भाग बनवणाऱ्या कंपनीचंच नाव. म्हणजे त्याच वाय-फायवर बसलेल्या कुणालाही तुमची बँक असल्याचं सोंग घेता आलं असतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ३२ राज्यांशी ३५ लाख डॉलरवर समझोता झाला.

युरोपात मात्र निराळा निकाल लागला. विंडोजसह घेतलेल्या लॅपटॉपवर, मला विंडोज नको, तिचे पैसे परत द्या, असं म्हणणाऱ्या फ्रेंच ग्राहकाचा दावा २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयापर्यंत गेला. आधीच प्रोग्रॅम घालून विकणं ही आपोआप अनुचित प्रथा ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं.

आपल्याकडे दोन नियम कामाचे आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून ठरावीक वर्गणी कापण्याच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतं. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली. फुकट वर्गणीसाठी कार्डाचा तपशील मागणं, वर्गणी बंद करण्याची वाट अवघड करणं, हे त्यात येतं.

राहिली ती कोपऱ्यातली पाटी. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, प्रणालीत स्वतःचा अँटिव्हायरस आहे. पाहुणा अँटिव्हायरस जागा असेपर्यंत तो बाजूला बसतो. पाहुण्याला काढून टाकलं, की तो आपोआप कामाला लागतो, आणि त्याला वर्गणी लागत नाही.