दार उघडलं की दिवा लागतो

1951 सालच्या शरद ऋतूतली सकाळ. मिलानच्या कादोर्ना स्टेशनावर तुम्ही उत्तरेकडची गाडी पकडता आणि वारेदोला उतरता. ब्रिआंझाचा हा मुलूख सुतारांचा. तुम्हाला गाठायची आहे बोर्सानी कुटुंबाची फर्निचरची वर्कशॉप.

आत पाऊल टाकताच स्पिरिट आणि लाखेचा वास नाकात शिरतो. एक वयस्कर कारागीर कापडाचा बोळा लाखेत बुडवून अक्रोडाच्या फळीवर गोल गोल फिरवतो आहे. हात मध्येच थांबला तर डाग उमटेल, म्हणून तो तुमच्याकडे मान वर करून बघतही नाही. (जगाला लागणारी बहुतेक लाख त्या काळात भारतातल्या जंगलांतून जायची. ही कुठली, ते ताडायला सोपं आहे.)

पलीकडे चाळिशीचे ओस्वाल्दो बोर्सानी उभे आहेत. जन्म इथलाच, 1911 चा. वडील गाएतानो यांच्या हाताखाली लाकूडकाम शिकले आणि मग मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये वास्तुकला. ते भिंतीलगतच्या कपाटाकडे नुसती मान हलवतात.

बंद असताना कपाट शांत, उंच, बारीक पायांवर तोललेलं. मूठ ओढा. बिजागरी जराही कुरकुरत नाही. दार फिरतं आणि आतला दिवा लागतो. तिन्ही बाजूंना आरसे, मध्ये काचेच्या फळ्या. कंपारी या लाल, कडसर मद्याची एकच बाटली ठेवली आहे, पण लाल रंग मागे मागे पसरत जातो आणि खोलीचा एक कोपरा उजळून निघतो. झाकणाची फळी खाली आली की तिच्यावरच पेले भरायचे.

महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत मिलानची कितीतरी घरं कोसळली. आता नवे, आटोपशीर फ्लॅट उभे राहताहेत. जेवणाआधीच्या गप्पा आणि पेला मात्र कुणाला सोडायचा नाही. म्हणून ही बैठक कपाटात मावली पाहिजे.

जवळच्या बोर्सानींच्या घरातही डोकावा. आराखडा ओस्वाल्दो यांचाच, आणि शेकोटीभोवतीचं सिरॅमिकचं काम चित्रकार-शिल्पकार लुचो फोंतानाचं. दोन वर्षांपूर्वीच फोंतानाने कॅनव्हासला भोकं पाडायला सुरुवात केली आहे. तोच माणूस बोर्सानींसाठी फर्निचरवर आणि छतांवर हात चालवतो. चित्रकार आणि सुतार एकाच वस्तूवर खपतात, ही त्या वर्कशॉपची खरी श्रीमंती. मला तरी तिच्यापुढे महागडं लाकूड दुय्यम वाटतं.

पण पुन्हा कपाटाशी या आणि बिजागरीवर बोट ठेवा, कारण पुढचं सगळं तिथूनच निघतं. बोर्सानींना स्थिर फर्निचर पुरत नाही. वस्तूने उघडावं, वळावं, दुसरंच काहीतरी व्हावं, हा त्यांचा ध्यास. 1953 मध्ये जुळा भाऊ फुल्जेन्त्सिओसोबत ते तेक्नो कंपनी काढतील. 1954 चा डी 70 सोफा पाठ-बैठक दुमडून सपाट होईल. 1955 ची पी 40 खुर्ची तर 486 स्थितींत वळवता येईल, असं सांगितलं जाईल. तेव्हा आरसे आणि लाखेची जागा पोलाद आणि फोम घेतील, आणि हाताने घासलेली अशी कपाटं हळूहळू मागे पडतील. खुर्ची थोर आहे, यात वाद नाही. तरी तुम्ही नीट वेळ साधून आला आहात: कल्पना पूर्ण तयार आहे आणि ती अजून लाकडात आहे.