मक्याच्या १५ जोड्या

चार्ल्स डार्विन बिया आधी ओल्या वाळूवर रुजत घाली. परपरागणाचा एक दाणा आणि स्वपरागणाचा एक, दोघांना एकाच वेळी मोड फुटले की ती जोडी एकाच कुंडीत समोरासमोर लागायची. माती तीच, पाणी तेच. मक्याच्या अशा १५ जोड्या झाल्या, चार कुंड्यांत. पहिल्या जोडीत परपरागित रोप साडेतेवीस इंच, स्वपरागित १७ इंच ३ अष्टमांश. दुसरीत नेमके उलटे, १२ विरुद्ध २० इंच ३ अष्टमांश. एकूण १३ जोड्यांत सरशी परपरागिताची. सरासरी फरक सुमारे २.६ इंच.

आता हा गुण परागणाचा की नशिबाचा?

डार्विनने आकडे नात्यातल्या फ्रान्सिस गॉल्टनकडे सोपवले. गॉल्टनने दोन्ही गटांच्या उंच्या उतरत्या क्रमाने लावल्या, आणि त्यात जोड्याच फुटल्या. कुंडीपाशी घेतलेली सगळी काळजी कागदावर वाया! डार्विनच्या १८७६च्या ग्रंथात हे सारे छापलेले आहे.

संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३५ साली ‘द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स’मध्ये तोच मका पुन्हा चर्चेला घेतला. परागणाने काहीच फरक पडत नसेल, तर जोडीतले कोणते रोप उंच निघेल हा निव्वळ छापा-काटा. म्हणजे पहिल्या जोडीतला अधिक ४९ अष्टमांश इंचांचा फरक तितक्याच सहजपणे उणे ४९ असता. १५ जोड्यांची चिन्हे अशी उलटसुलट करायच्या रीती ३२,७६८. प्रत्यक्षातली फरकांची बेरीज ३१४ अष्टमांश; तेवढी किंवा तिच्याहून मोठी बेरीज, अधिक-उणे दोन्ही बाजू धरून, १,७२६ वेळा येते. म्हणजे ५.२७ टक्के. त्याच आकड्यांवर ‘स्टुडंट’ची टी-चाचणी सांगते ४.९७. सार्थतेची रूढ ५ टक्क्यांची रेषा नेमकी या दोहोंमधून जाते, आणि तिच्यावर निकाल टांगणाऱ्यांची पंचाईत होते.

टी-चाचणीसारखा घंटेच्या आकाराचा आलेख गृहीत न धरता केलेली ही चिन्हांची मोजदाद. तिला एकच अट, लावणीच्या वेळी चिठ्ठ्या टाकलेल्या हव्यात. कुंडीची कोणती बाजू कोणत्या रोपाला, हे डार्विनने चिठ्ठ्यांवर सोडले नव्हते.

शिवाय १५ जोड्यांवर निभावले. ३० झाल्या तर शक्यता १०७ कोटींवर जातात. १९५७ साली मायर ड्वास यांनी वाट सुचवली, सगळ्या शक्यता मोजायच्याच कशाला, त्यांतल्या काही यदृच्छया उचलाव्यात. संगणक हाताशी आल्यावर हीच रीत रुळली.