वेशाभिकल्पाचे मूल्यमापन

वेशाभिकल्पाचे मूल्यमापन : वस्त्राचा अभिकल्प ग्राहकाच्या गरजांना व धंद्यात रूढ असलेल्या प्रमाणांना कितपत उतरतो, हे ठरविण्याची पद्धती. ग्राहकाची शरीरयष्टी, वेश वापरण्याचा प्रसंग, हालचालीची मोकळीक व ऐपत यांचा विचार एका बाजूस, तर कापडाचा पोत, कापणी, शिवण, मापांची कोष्टके व उत्पादनखर्च यांचा विचार दुसऱ्या बाजूस करावा लागतो. या दोन कसोट्या नेहमीच परस्परांशी जुळतात असे नाही. त्यांपैकी कोणतीला अधिक मान द्यावयाचा, हा प्रश्न यूरोप-अमेरिकेतील वेशव्यवसायाच्या इतिहासात वारंवार उपस्थित झालेला आढळतो.

श्रेणींचा काळ : फ्रान्समध्ये कामाचे प्रमाण ठरविण्याचा अधिकार पूर्वी शिंप्यांच्या श्रेणींकडे होता. कारागिराने आपल्या कौशल्याचा नमुना श्रेणीच्या परीक्षकांपुढे मांडावा व तो पसंत पडल्यावरच त्यास उस्तादाचा दर्जा मिळावा, असा दंडक असे. पॅरिसमधील शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांची स्वतंत्र श्रेणीची मागणी चौदाव्या लुईने १६७५ मध्ये मान्य केली. स्त्रियांनी आपली वस्त्रे स्त्रियांकडूनच शिवून घेणे विनयाला धरून आहे, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. ग्राहकाच्या गरजेपुढे धंद्याचा नियम नमल्याचे हे एक जुने उदाहरण होय. फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९१ मध्ये, श्रेणी रद्द झाल्या.

या काळी शिंपी प्रत्येक ग्राहकासाठी कागदाची वेगळी पट्टी ठेवी व तीवर खाचा पाडून छाती, कंबर, बाही इ. मापे नोंदवी. त्या पट्टीवर आकडे नसत. ती त्या एकाच शरीराची खूण असे. आकडे छापलेली मोजपट्टी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आली आणि एका शरीराची दुसऱ्याशी आकड्यांत तुलना करणे सुलभ झाले. पुढील काळातील प्रमाणित मापांचा पाया येथे घातला गेला.

पॅरिसचा उच्च वेशव्यवसाय : चार्ल्स फ्रेडरिक वर्थ (१८२५–९५) या इंग्रज वेशकाराने १८५८ मध्ये पॅरिसमध्ये भागीदारीत आपली पेढी काढली. तोवर अभिकल्प मुख्यतः ग्राहक स्त्रीच्या सांगण्यावरून ठरे. वर्थने तयार नमुने जिवंत प्रतिरूपिकांच्या अंगावर दाखवून त्यांतून निवड करण्याची प्रथा रूढ केली. रात्रीच्या नृत्यसमारंभासाठी शिवलेला पोशाख दिवसाच्या उजेडात पारखणे त्यास मान्य नव्हते. त्यासाठी त्याने आरसे व वायुदीप असलेली स्वतंत्र खोली राखली होती. सम्राज्ञी यूजेनी हिने लीआँच्या जाड रेशमी कापडाचा पोशाख पडद्यासारखा दिसतो म्हणून नाकारला. परंतु तेथील विणकरांच्या धंद्याला आधार मिळेल, या कारणास्तव अखेरीस स्वीकारला, अशी आख्यायिका आहे. येथे ग्राहकाच्या आवडीवर उद्योगाच्या हिताने मात केलेली दिसते.

उच्च वेशव्यवसायात अभिकल्प प्रथम मांजरपाटासारख्या साध्या कापडात बेतून पाहतात. या नमुन्यास फ्रेंचमध्ये ‘त्वाल’ म्हणतात. तो अंगावर चढवून खांद्याचा उतार, कापडाचा ताण व बाहीची हालचाल तपासतात, खुणा करतात आणि मगच मूळ कापडाला कात्री लावतात. नंतर कच्च्या दोऱ्याने जोडलेला पोशाख ग्राहकाला घालून पाहतात. पुढे सैल करता यावा म्हणून शिवणीत माया ठेवतात. पॅरिसमधील वेशकारांची संघटना १८६८ मध्ये स्थापन झाली. १९४५ पासून ‘ओत कुत्यूर’ (उच्च शिवणकला) या नावाला कायद्याचे संरक्षण मिळाले व ते वापरण्यासाठी ठराविक अटी घालण्यात आल्या. ग्राहकाच्या अंगावर प्रत्यक्ष पोशाख घालून पाहणे हीदेखील त्यांपैकी एक अट होती.

प्रमाणित मापे : तयार कपड्यांच्या धंद्यात ग्राहक समोर नसतो, त्याच्या जागी मापांचे कोष्टक येते. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) सैनिकांचे गणवेश शिवताना काही मापसंच पुनःपुन्हा आढळले आणि पुरुषांच्या तयार कपड्यांना त्यांचा आधार मिळाला. स्त्रियांसाठी असे कोष्टक नसल्याने कपडे फार मोठ्या प्रमाणावर परत येत. म्हणून अमेरिकेच्या कृषिखात्याने १९३९-४० मध्ये सु. १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली व निष्कर्ष १९४१ मध्ये प्रसिद्ध केले. अंतिम गणनेत मात्र केवळ गौरवर्णीय स्त्रियांची मापे धरण्यात आली. याच सामग्रीवर आधारलेले ऐच्छिक व्यापारी प्रमाण १९५८ मध्ये तयार झाले. ते १९७० च्या सुमारास सुधारण्यात आले व १९८३ मध्ये मागे घेण्यात आले. ज्यांची शरीरे मोजलीच गेली नाहीत, त्यांना बेतशीर कपडा मिळणे दुर्घट झाले, हा या प्रमाणातील मूलभूत दोष होय.

युद्धकालीन नियंत्रण : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ साली कपड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले. त्यापाठोपाठ आलेल्या नियमांनी खिसे, गुंड्या व चुण्या यांच्या संख्येवर मर्यादा घातल्या. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमिस आदी वेशकारांनी १९४२ मध्ये या मर्यादांत बसणारे नमुने तयार केले. काटकसर व टिकाऊपणा या कसोट्यांमुळे सामान्यांना सुबक व माफक किंमतीचे कपडे मिळाले. परंतु विजारीच्या पायाची दुमड बंद करण्याचा नियम लोकांना रुचला नाही. अनेकांनी मुद्दाम लांब विजारी घेऊन त्या घरी दुमडल्या.

भारतातील स्थिती : भारतीय तयार कपड्यांच्या उत्पादकांनी दीर्घकाळ ब्रिटिश व अमेरिकन कोष्टकांचाच आधार घेतला. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रविद्या संस्थेने एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस मुंबईसह सहा शहरांतील १५ ते ६५ वयोगटातील सु. २५,००० स्त्री-पुरुषांची मापे घेण्याची योजना हाती घेतली. महाराष्ट्रात मात्र चोळी वा ब्लाउज शिवावयास देताना अंगास नीट बसणारा जुना ब्लाउज ‘मापाचा’ म्हणून शिंप्याकडे देण्याची प्रथा आहे. येथे प्रमाण ग्राहक स्वतःच घेऊन येतो. कोष्टकामुळे कपडा स्वस्त व सर्वत्र उपलब्ध होतो. परंतु ते कोणाच्या शरीरांवरून तयार झाले, हे तपासल्याशिवाय त्याच्या आधारे केलेले मूल्यमापन पुरे झाले असे म्हणता येत नाही.