पात्राचे पूर्वायुष्य : किती सांगावे, केव्हा आणि कुणाच्या तोंडून?

ठाणे : कथा-कादंबरीतील पात्र पहिल्या पानावर वाचकाला भेटते, तेव्हा त्याचे अर्धे आयुष्य जगून झालेले असते. त्या जगून झालेल्या भागास पूर्वायुष्य किंवा पूर्ववृत्त म्हणतात. ते एकदम सांगून टाकावे की हप्त्याहप्त्याने उलगडावे, हा लेखनकलेतील जुना प्रश्न आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली परिसरात या प्रश्नाला वाचकही आहेत आणि लिहू पाहणारेही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे यांच्यासारखे कथाकार डोंबिवलीत राहिले. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात व २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. कथालेखनाची हौस असणाऱ्यांना या तंत्राची तोंडओळख व्हावी, यासाठी हा आढावा.

जुनी परंपरा

हे तंत्र आधुनिक नाही. सॉफोक्लीसच्या ‘ईडिपस’ या ग्रीक शोकांतिकेत पडदा उघडण्यापूर्वीच सारे घडून गेलेले असते. राजा केवळ त्याचा शोध घेतो आणि तो शोध त्याच्यापाशीच येऊन थांबतो. नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याने १८८१ च्या ‘घोस्ट्स’ या नाटकात हीच रीत मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणली. दिवंगत पतीच्या नावे अनाथालय उभारणाऱ्या श्रीमती आल्विंग यांच्या संसारातील सत्य संवादांतून थोडे थोडे बाहेर येते. अर्नेस्ट हेमिंग्वे याने १९३२ मध्ये हिमनगाची उपमा दिली. हिमनगाचा आठवा हिस्सा पाण्यावर दिसतो, उरलेले सात हिस्से पाण्याखाली असतात. लेखकाला सर्व ठाऊक असावे, पण सर्व लिहावेच असे नाही, हा त्याचा अर्थ.

मराठीतील ठळक उदाहरण

मराठीत या तंत्राचा सर्वांत परिणामकारक वापर विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात आढळतो. अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते १९६७ मध्ये रंगमंचावर आले. लीला बेणारे ही भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली.

हौशी नाट्यमंडळी एका गावी प्रयोगासाठी येतात. वेळ घालविण्यासाठी ते लुटुपुटीचा खटला मांडतात आणि शिक्षिका असलेल्या बेणारेबाईंना आरोपी करतात. प्रेक्षकाला आरंभी दिसते ती हसरी, बोलकी, वक्तशीर बाई. शाळेत आपल्याविरुद्ध चौकशी सुरू असल्याचा ओझरता उल्लेख ती करते आणि विषय पुढे सरकतो. खटल्यात प्रथम येतात त्या थट्टेच्या साक्षी. गावचा सामंत तर हाती असलेल्या एका भडक कादंबरीतील मजकूरच साक्ष म्हणून सांगतो, आणि तो नेमका वर्मी लागतो. त्यानंतर मंडळींच्या खऱ्या साक्षी सुरू होतात. कुणी पाहिलेले सांगतो, कुणी विश्वासाने कळलेले उघड करतो. ज्यांच्याशी तिचा संबंध जोडला जातो ते प्राध्यापक दामले संपूर्ण नाटकात रंगमंचावर येतच नाहीत.

येथे तंत्र आणि आशय वेगळे काढता येत नाहीत. बेणारेचे पूर्वायुष्य ती स्वतः सांगत नाही, इतर ते तिच्याकडून ओरबाडून घेतात. प्रत्येक नव्या माहितीबरोबर प्रेक्षकाची उत्सुकता भागते, आणि त्याच क्षणी या छळात आपणही सामील आहोत याची टोचणी लागते. अखेरीस ती दीर्घ स्वगतातून बोलते, मात्र ते तिच्या सहकाऱ्यांच्या कानी पडत नाही. पूर्ववृत्त कुणाच्या तोंडून येते, यावर त्याचा नैतिक अर्थ कसा बदलतो, याचा हा वस्तुपाठ होय.

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीची वाट निराळी आहे. युरोपातून निघालेल्या जहाजावर चक्रधर विध्वंस आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी हेर्टा भेटतात. दोघांच्याही मागे तुटलेले प्रेम आहे, त्याची उमा, तिचा कार्ल. हे भूतकाळ त्यांच्या जवळिकीबरोबर उघड होतात. आपले पूर्वायुष्य दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणे, हे येथे दिसते. बेणारेच्या बाबतीत जी हिंसा ठरते, तीच कृती येथे प्रेमाची खूण होते.

उलगडा कसा होतो?

समजा, कथेचा नायक कल्याणचा एक नोकरदार आहे. जलद गाडी समोर उभी असतानाही तो रोज धीमी गाडी पकडतो आणि मुंब्रा स्थानक आले की दाराकडे पाठ फिरवतो. पहिल्या प्रकरणात एवढेच सांगावे. वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहतो. पुढे आई म्हणते, ‘‘आता वीस वर्षं झाली, विसर बाबा.’’ प्रश्न टोकदार होतो. त्यानंतर कपाटात मोठ्या भावाचा जुना रेल्वे पास सापडतो. अखेरीस मुलाला ठाण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो, तो जलद गाडीने जाऊ म्हणतो आणि बापाला तोंड उघडावेच लागते. दारात लटकणाऱ्या भावाला त्याने त्या दिवशी घाई करायला लावली होती.

हीच हकिकत पहिल्या परिच्छेदात सांगितली असती, तर ती केवळ माहिती ठरली असती. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी ती आल्याने तिच्यावर एक निर्णय अवलंबून राहतो. भूतकाळ नेमका तेव्हाच सांगावा, जेव्हा त्याने वर्तमानातील काही बदलते, हे या तंत्राचे मुख्य सूत्र आहे. सवय, टाळाटाळ, वस्तू, पत्र, तिऱ्हाइताचे बोलणे आणि सर्वांत शेवटी स्वतःची कबुली, अशा त्याच्या पायऱ्या असतात.

नेहमीच्या चुका

नवोदितांच्या लेखनात तीन दोष वारंवार दिसतात. पहिला, आरंभीच जन्म, शिक्षण, विवाह यांची जंत्री देणे. दुसरा, ‘तुला तर ठाऊकच आहे, आपले बाबा गेले तेव्हा...’ अशा धर्तीचे संवाद. ज्याला ठाऊक आहे त्याला कुणी सांगत बसत नाही. तिसरा दोष अधिक गंभीर आहे. कथा पात्राच्या मनातून सांगितली जात असताना, ते ज्याचा सतत विचार करील तीच गोष्ट लेखक केवळ धक्का देण्यासाठी लपवतो. वाचकाला ही फसवणूक वाटते. उलगडा झाल्यावर मागची पाने चाळली असता खुणा सापडल्या पाहिजेत.

अर्थात प्रत्येक कथेला हे तंत्र लागतेच असे नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर आपली कहाणी स्वतःच, बालपणापासून सांगत जातो. तिथे ओढ आहे ती निवेदकाच्या आवाजाची, रहस्याची नव्हे.

लिहिण्यापूर्वी पात्राचे संपूर्ण पूर्वायुष्य स्वतंत्र कागदावर लिहून काढावे आणि प्रत्येक तपशिलापुढे तीन प्रश्न मांडावेत : हे वाचकाला आत्ताच कळणे आवश्यक आहे काय? ते कोण सांगणार? आणि सांगितल्याची किंमत कोण मोजणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो तपशील कागदावरच राहू द्यावा.