जबाबातली जात

भंडाऱ्यात मी पॅरालीगलचं ट्रेनिंग घेतलं ते खैरलांजी डोक्यात ठेवून. मोहाडी तालुक्यातलं, आपल्याच जिल्ह्यातलं गाव. 29 सप्टेंबर 2006 ला सुरेखाबाई भोतमांगे, प्रियंका, सुधीर, रोशन मारले गेले. 2008 ला भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी सुनावली. 2010 ला हायकोर्टानं ती जन्मठेपेवर आणली. अन् अ‍ॅट्रॉसिटी? दोन्हीकडे टिकली नाही. चार मुडदे पडले, जात शाबीत झाली नाही!

म्हणून ठाण्यात फिर्यादी बाईजवळ बसलो की मी आधी शिवी पाहतो. जातीवरून दिलेली, जशीच्या तशी लिहिली काय? 1995 चे नियम सांगतात, तोंडी तक्रार लिहून घ्या, वाचून दाखवा, नक्कल फुकट द्या. परवा लिहिणारा म्हणे, "शिवीगाळ केली, एवढं पुरे." बाई म्हणाली, "मले म्हटलं तेच लिवा." कागद पुन्हा लिहावा लागला.