फ्रायर लॉरेन्सचा खरा दोष

‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधल्या फ्रायर लॉरेन्सविषयीचा निकाल ठरून गेला आहे: माणूस भला, पण उपद्व्यापी. चोरून लग्न लावले, मुलीला गुंगीचे औषध पाजले, पत्र वेळेवर पोचवले नाही; करायला गेला गणपती आणि झाला मारुती. हा पूर्वपक्ष मला मान्य नाही. लॉरेन्स निर्दोष आहे, असे माझे म्हणणे नाही. त्याचा दोष आहे, पण टीकाकार बोट ठेवतात तिथे नाही.

तिसऱ्या अंकात हद्दपारीची शिक्षा कळताच रोमिओ स्वतःवर खंजीर उगारतो, तो लॉरेन्सच्या मठीतच. 1597 च्या पहिल्या छापील प्रतीतल्या रंगसूचनेनुसार खंजीर हिसकावते ती दाई. पण खडसावून, मग समजावून त्याला जगायला लावतो लॉरेन्स. चौथ्या अंकात ज्युलिएट सुरी घेऊनच त्याच्यासमोर उभी राहते. बापाने पॅरिसशी लग्न ठरवून, ऐकले नाहीस तर घराबाहेर हो म्हणून बजावले आहे. आईने अंग काढून घेतले आहे. दाईसुद्धा आता पॅरिसलाच वर म्हणते. आणि पहिला नवरा जिवंत असताना दुसरे लग्न लावणे लॉरेन्सच्या धर्मात घोर पाप. 42 तासांच्या गुंगीची युक्ती धोक्याची खरी, पण तिच्यामुळेच ती सुरी त्या दिवशी खाली आली. लॉरेन्स नसता तर ही दोघे पाचव्या अंकापर्यंत पोचलीच नसती.

मग मुळात लग्नच का लावले? यासाठी त्याचा पहिला प्रवेश नीट वाचायला हवा. पहाटे परडी घेऊन तो झाडपाला खुडतो आहे. त्याच्या हातातल्या एकाच फुलात विषही आहे आणि औषधही: हुंगले तर गुण, चाखले तर मरण. ही वैद्याची नजर तो व्हेरोनाच्या वैराकडे वळवतो. माँटेग्यू आणि कॅप्युलेट घराण्यांच्या रोगावर हे लग्न म्हणजे त्याने योजलेली मात्रा. त्याचे निदान चुकलेले नाही. अखेर दोन्ही बाप एकमेकांचा हात धरतात, तो याच लग्नाच्या पोटी. नाटककाराने वैद्याला खरे ठरवले आणि रोगी वाचवला नाही. मला या नाटकातले सर्वांत जीवघेणे दुःख हेच वाटते.

पत्राबद्दल फार बोलायला नको. निरोप्या साधू प्लेगच्या संशयावरून एका घरात कोंडला गेला. 1592 ते 1594 या काळात प्लेगमुळे बराच काळ बंद राहिलेली नाटकघरे पाहिलेल्या लंडनकरांना ही ओढूनताणून आणलेली अडचण वाटली नसणार.

आता थडगे. ज्युलिएट जागी होते, शेजारी रोमिओचे प्रेत. लॉरेन्स तिला जोगिणींच्या मठात नेऊन ठेवण्याचे बोलतो. पहारेकऱ्यांची चाहूल लागते. ती हलत नाही, आणि तो एकटा निघून जातो. याआधी दोनदा मरणाला निघालेला जीव त्याने रोखला होता, कारण दोन्ही वेळा तो समोर होता. तिसऱ्या वेळी तो तिथे नाही, आणि खंजीर अडवायला कोणीच उरत नाही. शेक्सपिअरचा आधार असलेल्या आर्थर ब्रूकच्या 1562 च्या काव्यातही हे पळणे आहे. ब्रूकने प्रस्तावनेत अशा साधूंवर कडक कोरडे ओढले होते. शेक्सपिअरने तो सूर टाकला, कित्येक महिन्यांची कथा आठवड्याच्या आत बसवली, पण पळ मात्र राखला. लुडबुड्या म्हातारा रंगवायचा असता तर या क्षणाची गरज नव्हती. इथे आहे ती भीती, आणि ती आयुष्यभर दुसऱ्यांना धीर देत आलेल्या माणसाची.

शेवटच्या जबानीत लॉरेन्स सगळे सांगतो, आपला जीव शिक्षेसाठी पुढे करतो. आवाजाला घाबरून आपण थडग्यातून निघालो, हेही त्यात येते, अगदी जाता जाता. राजकुमार ते ऐकतो, त्याला पुण्यवान माणूस म्हणतो, आणि रोमिओच्या नोकराकडे वळतो.