पन्नाशीनंतरही होता येतं जगज्जेती: महिलांची सीनियर बुद्धिबळ स्पर्धा नेमकी काय आहे?

नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, तेव्हा ती १९ वर्षांची होती. बुद्धिबळ म्हटलं की अशीच कोवळी नावं आठवतात. पण याच खेळात पन्नाशी गाठलेल्या महिलांसाठी वेगळं जगज्जेतेपद आहे.

स्पर्धा कशी असते?

जागतिक सीनियर बुद्धिबळ स्पर्धा १९९१ मध्ये सुरू झाली. तेव्हा महिलांसाठी वयाची अट ५० आणि पुरुषांसाठी ६० होती. २०१४ पासून दोघांसाठीही ‘५० पेक्षा अधिक’ आणि ‘६५ पेक्षा अधिक’ असे दोन गट आहेत. त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत वय पूर्ण होत असलं, तरी चालतं.

सामने स्विस पद्धतीनं, साधारण ११ फेऱ्यांचे होतात. म्हणजे एक डाव हरलात म्हणून बाहेर पडत नाही. पुढचा डाव जवळपास तेवढेच गुण असलेल्या खेळाडूशी पडतो.

सर्वात मोठं नाव कोणाचं?

जॉर्जियाच्या नोना गाप्रिंदाश्विली. १९६२ ते १९७८ त्या महिला जगज्जेत्या होत्या आणि ग्रँडमास्टर किताब मिळवणाऱ्या पहिल्या महिला. सीनियर जगज्जेतेपद त्यांनी १९९५ मध्ये जिंकलं आणि पुढे अनेकदा. २०२२ मध्ये ते पुन्हा मिळवलं, तेव्हा त्या ८१ वर्षांच्या होत्या.

महाराष्ट्राचा काय संबंध?

भारतात महिलांचं राष्ट्रीय बुद्धिबळ १९७४ मध्ये सुरू झालं. पहिलं विजेतेपद मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी पटकावलं. पुढची दहा वर्षं हा मान वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींच्याच घरात राहिला. १९७६ मध्ये रोहिणी १३ व्या वर्षी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. त्यावर मोठा वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. अखेर ‘फिडे’ या जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी महिलांना अशा स्पर्धांपासून रोखता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर भाग्यश्री साठे-ठिपसे आणि अनुपमा अभ्यंकर-गोखले यांनी प्रत्येकी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. ही सगळी पिढी आज वयाच्या अटीत बसते.

खान्देशातून कोणी खेळू शकतं का?

हो. जळगावात २०२४ मध्ये ११ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा झाली. आपल्याकडे मुलींसाठी असे वयोगट बरेच आहेत. पण लग्न, नोकरी, घर यात पट बाजूला ठेवलेली बाई पन्नाशीत परत आली, तर तिच्या वयाच्या महिलांची स्पर्धा जवळपास सापडणं अवघड. तिला सहसा खुल्या रेटिंग स्पर्धेत दहा-बारा वर्षांच्या मुलांसमोर बसावं लागतं.

जागतिक सीनियर स्पर्धेचं दार मात्र उघडं आहे. तिथं किताब किंवा ठरावीक रेटिंगची अट नसते. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाकडे नोंदणी आणि फिडे आयडी हवा, प्रवेशही महासंघामार्फतच होतो. प्रवास आणि राहण्याचा खर्च बहुतेकदा स्वतःचाच. धुळे-जळगावच्या खेळाडूसाठी वयापेक्षा मोठा अडथळा हाच आहे.